शिरगणतीचा रकाना आणि अथाल

सिल्वासाजवळच्या अथालमध्ये शंभर वर्षांपूर्वी किती मुलं बहिरी होती, किती जण उशिरा बोलायला लागले? आकडा शोधायला जावं तर आधी सरहद्द आडवी येते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात इंग्रजांच्या शिरगणतीत 1872 पासून 1931 पर्यंत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांची मोजणी होई. अथाल मात्र 1954 पर्यंत पोर्तुगीज अमलात, त्या तक्त्यांत ते नाहीच.

तसं शेजाऱ्यांचंही फार साधलं नाही. आंधळा म्हणजे दोन्ही डोळ्यांनी. एक डोळा गेलेला धरायचा नाही. आणि अक्षरं उलटी काढणारं पोर कुठल्या रकान्यात घालायचं? एक तर 'वेडा', नाहीतर धडधाकट. घरात लग्नाच्या मुली असताना पहिला शब्द कोण लिहून देणार!

स्वतंत्र भारताने 1951, 1961, 1971 ला हा प्रश्न विचारलाच नाही. 1981 ला विचारला तो पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके यांच्यापुरता, आणि 1991 ला पुन्हा गाळला. 2001 मध्ये पाच प्रकार, 2011 मध्ये आठ; त्यातही स्वमग्नतेला वेगळा रकाना नव्हता. अपंग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आल्या त्या 2016 साली.

म्हणजे आज इथल्या शाळा-दवाखान्यांतून कुणी पाहणी केली, तरी ताडून बघायला जुना आकडा नाही. उरतात घरच्या आठवणी. वारली, कोकणा, धोडिया बोलीत अशा पोराला काय म्हणत, त्याला गुरांमागे पाठवत की घरीच ठेवत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच टिपून ठेवलं पाहिजे. पोराचं नाव तेवढं लिहू नये.