बॅटरीची निगा : विजेच्या मोटारीच्या इतिहासातले एक पान

विजेवर चालणारी मोटार हा अगदी अलीकडचा शोध आहे, असा आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात १९०० च्या सुमारास अमेरिकेतील शहरांच्या रस्त्यांवर वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या मोटारी एकाच वेळी धावत होत्या. मग विजेची मोटार मागे का पडली? कमी पल्ला आणि स्वस्त पेट्रोल ही कारणे आपण नेहमी सांगतो व ती खरीही आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न होता : बॅटरीची निगा कोणी राखायची?

फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामिय फोर याने पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लगदा थापण्याची युक्ती काढली आणि बॅटरीची धारणक्षमता वाढली. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी तिच्यातील रासायनिक क्रिया उलगडली. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, सल्फ्युरिक आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. म्हणजेच द्रावण पातळ होत जाते. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतील द्रावणाची सापेक्ष घनता सुमारे १.२८ असते, बॅटरी उतरली की ती १.१५ च्या आसपास येते. त्यामुळे काचेचा साधा हायड्रोमीटर बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे सांगू शकतो.

निगेचे सगळे नियम याच रसायनातून निघतात. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतात व ते पुन्हा सहजासहजी विरघळत नाहीत. चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. म्हणून वरून भर घालायची ती डिस्टिल्ड पाण्याची, आम्लाची नव्हे. आणि खोली हवेशीर हवी, जवळपास ठिणगी नको. तिसरा नियम एकसर जोडणीचा. सर्व घटांतून सारखाच प्रवाह वाहतो, त्यामुळे एक दुबळा घट आधी रिकामा झाला तर बाकीचे घट त्याला उलटा चार्ज करून निकामी करतात. ही तफावत मोडण्यासाठी अधूनमधून मंद गतीने, जास्त वेळ चार्जिंग करावे लागते.

हे सगळे नियमाने करायचे तर माणूस हवा. अमेरिकेत हार्टफर्ड येथील वीज कंपनीने त्यावर १९१० मध्ये एक तोडगा काढला. ग्राहकाने बॅटरीविना ट्रक विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची. दरमहा ठराविक रक्कम व धावलेल्या प्रत्येक मैलाचे पैसे द्यायचे, आणि उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घ्यायची. निगा कंपनीच्या कारागिरांकडे. ही सेवा १९२४ पर्यंत चालली आणि तेवढ्या काळात या वाहनांनी ६० लाख मैलांहून अधिक अंतर कापले. बॅटरी तीच, रसायन तेच. निगेची व्यवस्था मात्र वेगळी.

दरम्यान १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर आला. हँडल फिरवण्याचा त्रास गेला आणि विजेच्या मोटारीचा एक मोठा फायदा पेट्रोलच्या मोटारीने पळवला, तोही शिसे-आम्ल बॅटरीच्याच मदतीने! पण ही बॅटरी वेगळ्या घडणीची. तिच्या पातळ पट्ट्या काही सेकंद जोरदार प्रवाह देतात आणि इंजिन सुरू होताच डायनॅमो तिला पुन्हा भरतो. ती कधी फारशी उतरतच नाही, म्हणून मालकाला तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही.

पेट्रोलची मोटार विजेवर चालवू पाहणाऱ्यांना हा फरक समजून घ्यावाच लागतो. १९५९-६० मध्ये अमेरिकेत रेनॉ डॉफिन या फ्रेंच मोटारीवरून ‘हेनी किलोवॅट’ तयार झाली. तिच्या १९६० च्या नमुन्यात ६ व्होल्टच्या १२ बॅटऱ्या, म्हणजे ७२ व्होल्ट होते. अशा मोटारी शंभरही बनल्या नाहीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेक हौशी मंडळींनी घरच्या घरी मोटारी बदलल्या. त्यांच्यासाठी योग्य ठरली ती गोल्फच्या मैदानावरील गाड्यांची जाड पट्ट्यांची बॅटरी. स्टार्टरची बॅटरी वारंवार खोलवर उतरवली तर पट्ट्यांवरील लगदा झडून ती लवकर निकामी होते.

आज बदललेल्या मोटारींत बहुधा लिथियम-आयन बॅटरी बसवतात. तिच्यात पाणी घालावे लागत नाही, पण घटांमधील तफावत तिलाही चुकलेली नाही. प्रत्येक घटाचे व्होल्टेज मोजून ते समपातळीवर ठेवण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. हार्टफर्डच्या कारागिराच्या कामाचा एक मोठा वाटा आता मंडलाकडे गेला आहे, एवढेच. आपल्याकडच्या अनेक ई-रिक्षा आणि घरोघरचे इन्व्हर्टर मात्र आजही शिसे-आम्ल बॅटरीवर चालतात. त्यांतील पाण्याची पातळी का उतरते आणि तिथे नळाचे पाणी का चालत नाही, हे प्रश्न दहावीच्या वर्गात विचारून पाहावेत. विद्युत अपघटनाचा धडा त्यातून घरापर्यंत पोचेल.