दोन आवृत्त्यांच्या मधला काळ

डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलणे म्हणजे मध्यरात्री गुपचूप उरकायचे काम, असा आपल्याकडे समज आहे. त्यामुळे त्याकडे अभ्यासविषय म्हणून क्वचितच पाहिले जाते.

पोस्टग्रेसचेच उदाहरण घेऊ. २०१० च्या ९.० आवृत्तीत आलेले स्ट्रीमिंग रेप्लिकेशन डिस्कवरचे बदल जसेच्या तसे रेप्लिकाकडे धाडते. ते भरवशाचे आहे, पण दोन्ही टोकांना मुख्य आवृत्ती एकच लागते. म्हणजे ऐन आवृत्तीबदलाच्या वेळीच ते हात वर करते. २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून मिळालेले लॉजिकल रेप्लिकेशन ओळींतले बदल पाठवते, म्हणून जुना आणि नवा सर्व्हर काही काळ बरोबरीने चालवता येतात. यान वीक यांचे स्लोनी-१ हे रेप्लिकेशनचे साधन असेच काम २००४ पासून ट्रिगरच्या आधाराने करत होतेच. गंमत म्हणजे खुद्द स्लोनीला १.२ वरून २.० वर न्यायला थेट वाट नव्हती. जुने उखडून नवे बसवावे लागे. सगळा डेटा पुन्हा कॉपी करणे टाळायची सोय होती खरी, पण दोन्हीकडचा डेटा तंतोतंत जुळतो याची हमी वापरणाऱ्यानेच द्यायची!

माझ्या मते या शास्त्राचा गाभा या हमीतच आहे. समजा, पावत्यांचा तक्ता नव्या सर्व्हरवर पोचला, ओळींची संख्याही जुळली. कामकाज तिकडे वळवले आणि पहिलीच नवी पावती ‘डुप्लिकेट की’ म्हणून परत आली. कारण १७ व्या आवृत्तीपर्यंत तरी लॉजिकल रेप्लिकेशन ओळी नेते, सिक्वेन्सचा चालू आकडा नेत नाही. तक्त्यात पावती क्रमांक ४८,२१७, सिक्वेन्स मात्र अजून १ वरच. वळवण्याआधी तो आकडा पुढे सरकवणे हे मिनिटाभराचे काम, पण ते आठवावे लागते. याहून छुपा दोष अक्षरक्रमाचा. लिनक्समधल्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीने तो बदलला. जुन्या लिनक्सवर बांधलेली इंडेक्स नव्यावर तशीच नेली, तर ओळ जागेवर असूनही शोधात सापडत नाही, आणि युनिक इंडेक्समध्ये दुहेरी नोंद शिरू शकते. नुसत्या मोजणीला यातले काहीच दिसत नाही.

परतीच्या वाटेचा विचारही आधीच हवा. पोस्टग्रेसमध्ये नव्याकडून जुन्याकडे उलटे रेप्लिकेशन लावता येते, मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर उतरण्याला मात्र अधिकृत आधारच नाही, तिथे बॅकअपवरच भिस्त.

पुढची प्रकरणे नुसती वाचू नका. दोन छोटे सर्व्हर उभारा, एकावर १६, दुसऱ्यावर १७, आणि रेप्लिकेशन चालू असताना ते मुद्दाम मध्येच तोडून पाहा.