अक्षरांचा दाखला

गेल्या वर्षी वर्गासाठी दोन लिप्यांतले तक्ते करायचं ठरवलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू आणि खाली चित्र. पहिलाच शब्द निवडला तो ‘दर्या’. उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत समुद्र. आणि मराठीत र चा आकार जरासा बदलला की त्याच्या ‘दऱ्या’ होतात, आपल्या सह्याद्रीतल्या. साताऱ्या-सांगलीच्या मुलांशी या एका शब्दावर तासभर बोलता येतं.

शाळेच्या संगणकावर लिनक्स आहे. चित्रावर अक्षरं उमटवणारं एक मोफत सॉफ्टवेअर माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मूळ कोडपासून त्यावर बांधून दिलं. इंग्रजी शब्द झकास उमटले. मराठीत मात्र ‘दऱ्या’तला र मोडून पडला, ‘किल्ल्या’ची पहिली वेलांटी क च्या मागं जाऊन बसली. उर्दू ‘किताब’मधले काफ, ते, अलिफ, बे एकमेकांचा हात सोडून उभे राहिले, तेही उलट्या क्रमानं. तो मुलगा रविवारी येऊन बसला आणि तासाभरानं म्हणाला, “सर, अक्षरं जोडणारी लायब्ररी संगणकात आहे, पण तिची पीसी फाइल नाही. म्हणून बांधताना तिला धरलंच नाही.”

“म्हणजे मूल वर्गात बसलंय, पण दाखला आला नाही म्हणून पटावर नाव नाही, असंच ना रे?”

“अगदी तसंच, सर.”

या दाखल्याचा इतिहास मी नंतर शोधत गेलो. तो आपल्या दोन्ही भाषांच्या जवळचा निघाला.

एका पेटीतून अनेक हातांत

संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचं मोठं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तिथं वाढलं. त्यांचं जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की अक्षरं जोडण्याचं काम ते कार्डच करायचं. सगळं एका पेटीत होतं, त्यामुळं कोण कुणावर अवलंबून आहे हा प्रश्नच नव्हता. पुढं मराठीचे निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींचे फॉन्ट आले, उर्दूसाठी 1994 मध्ये इनपेज आलं. एकातलं लिखाण दुसऱ्यात उघडलं की कचरा दिसायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगलं आहे.

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. पण क्रमांक म्हणजे आकार नव्हे. कोणतं अक्षर कुणाला जोडायचं, वेलांटी कुठं सरकवायची, रफार कुठं चढवायचा, हे ठरवणारं कुणी तरी लागतं. मोफत सॉफ्टवेअरच्या जगात हे काम वेगवेगळ्या लायब्रऱ्यांनी वाटून घेतलं. लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांची नव्हे, तर इतर प्रोग्रॅमना उसनी घेता येणारी तयार कोडची गाठोडी.

फ्रीटाइप फॉन्टमधले आकार पडद्यावर रेखाटते. उजवीकडून डावीकडे लिहायचा क्रम सांभाळते फ्रीबिडी. ती सुरू केली इस्रायलमधल्या डोव्ह ग्रोबगेल्ड यांनी आणि पुढं सांभाळली इराणमध्ये जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी. याच बेहदाद यांची हार्फबझ अक्षरं जोडते. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. आपल्या कानाला मात्र तो पतंगबाजसारखा ‘अक्षरांशी खेळणारा’ वाटतो, आणि तेही चूक वाटत नाही. या तिघींना एकत्र बांधणारी रक्म इजिप्तच्या खालिद होस्नी यांची. अरबीत रक्म म्हणजे लिखाण आणि अंकही. आपली ‘रक्कम’ तिचीच बहीण.

माझ्या तक्त्याला हीच रक्म हवी होती. मराठीचा र आणि उर्दूचा काफ, दोघांना जोडणारी हार्फबझ एकच. भाषेवरून भांडणारी माणसं ज्या मोबाइलवर भांडतात, त्या अँड्रॉइडमध्येही अक्षरं तीच जोडते.

दाखला आला कुठून?

काम वाटून घेतलं की हिशेब ठेवावा लागतो. नवं सॉफ्टवेअर बांधताना लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिची आवृत्ती कोणती, तिच्यासोबत आणखी कोण लागतं, हे कळावं लागतं. सुरुवातीला प्रत्येक लायब्ररी स्वतःची छोटी स्क्रिप्ट देत असे : जीटीके-कॉन्फिग, ग्नोम-कॉन्फिग, फ्रीटाइप-कॉन्फिग. प्रत्येक शाळेचा दाखला वेगळ्या नमुन्यात, असला प्रकार. जेम्स हेन्स्ट्रिज यांनी त्यावर पीकेजी-कॉन्फिग ही एक समान पद्धत काढली आणि 2000 च्या सुमारास हॅवोक पेनिंग्टन यांनी ती सी भाषेत नव्यानं लिहिली. आता प्रत्येक लायब्ररीनं एकाच नमुन्याची साधी मजकूर फाइल ठेवायची. शेवटी ‘पीसी’, आत नाव, आवृत्ती, पत्ता आणि ‘रिक्वायर्स’ म्हणजे ‘हिला कोण लागतं’ ही ओळ.

आमच्या संगणकावर लायब्ररी होती, पण विकासकांसाठीचं वेगळं पॅकेज घेतलं नव्हतं, आणि ही फाइल त्यातच येते. बांधणाऱ्या यंत्रणेनं विचारलं, ‘रक्म आहे?’ उत्तर आलं, ‘नाही.’ अक्षरं जोडणं ऐच्छिक मानलेलं असल्यामुळं ती गप्प पुढं गेली. इंग्रजीला जोडणीची फारशी गरज पडत नाही, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. ज्यांची लिपी जोडून लिहिली जाते, त्यांचंच नुकसान झालं.

आठवणीतून की रजिस्टरमधून?

दाखला असूनही चुकीचा असू शकतो, हे शिक्षकांना सांगायला नको. कराडहून मिरजेला आलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली, तर ते पोर दहावीपर्यंत आणि नंतरही ती दुरुस्त करत फिरतं. म्हणून आपला नियम आहे : दाखला आठवणीतून लिहायचा नाही, जनरल रजिस्टर उघडून त्यातूनच उतरवायचा.

पीसी फाइलचंही असंच झालं. बरीच वर्षं तिचा साचा हातानं लिहिला जायचा आणि बांधणीच्या वेळी फक्त पत्ता, आवृत्ती अशा मोकळ्या जागा भरल्या जायच्या. सीमेक वापरणाऱ्या अनेक प्रकल्पांत आजही तसंच चालतं. एखाद्यानं बांधणीच्या नियमांत नवी लायब्ररी जोडली आणि साच्यात तिचं नाव घालायला विसरला, तर त्याच्या संगणकावर सगळं सुरळीत चालतं. कारण एरवी लायब्ररी स्वतःच आपल्या सोबतिणींना शोधून घेते. पण कुणी सगळं एकाच फाइलमध्ये घट्ट बांधायला गेला की बांधणी अडते. चूक एकाची, हेलपाटे दुसऱ्याला.

फिनलंडच्या जुसी पाक्कानेन यांनी 2013 मध्ये आणलेल्या मेसन या बांधणी यंत्रणेनं यावर उपाय केला. लायब्ररी कुणाकुणाला जोडून बांधली, हे यंत्रणेला माहीत असतंच. तीच तिचं जनरल रजिस्टर. मग दाखला त्यातूनच काढायचा. आज हार्फबझ आणि रक्म दोन्ही मेसननं बांधता येतात आणि त्यांच्या पीसी फाइली अशाच आपोआप तयार होतात.

तरीही माणसाचं काम संपत नाही. कोण जोडलं गेलं हे यंत्राला कळतं. पण ती गरज फक्त आतली आहे, की लायब्ररी वापरणाऱ्यालाही तिची माहिती लागेल, हे कोड लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. कधी दाखले एकमेकांकडे बोट दाखवतात. हार्फबझला फ्रीटाइप लागू शकते आणि 2013 पासून फ्रीटाइपलाही हार्फबझचा आधार घेता येतो. मग आधी फ्रीटाइप एकटी बांधायची, नंतर हार्फबझ, आणि पुन्हा फ्रीटाइप. ही युक्तीही कुणी तरी लिहून ठेवली, म्हणून पुढच्याला मिळाली.

आपल्याच जिल्ह्यात, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्यातल्या कितीतरी नोंदींखाली ‘पहा’ असं लिहून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. कोणतंही ज्ञान एकट्यानं उभं राहत नाही, याची ती कबुलीच. पीसी फाइलमधली ‘रिक्वायर्स’ची ओळही तेवढंच करते. आपण कुणाच्या आधारावर उभे आहोत, ते ती भावनेत न शिरता सांगते. इतिहास लिहिताना आपण ही ओळ अनेकदा कोरी ठेवतो, किंवा आठवणीतून सोयीची नावं भरतो.

तो राहिलेलं पॅकेज घालून, सॉफ्टवेअर पुन्हा बांधून गेला. तक्ता आता वर्गाच्या भिंतीवर आहे. वर दर्या, खाली दऱ्या आणि शेजारी एकमेकांचा हात धरून उभे असलेले काफ, ते, अलिफ. त्यांच्या पुढं बे एकटीच उभी आहे. मुलं विचारतात, सर, ही का सुटली? मी सांगतो, सुटली नाही. अलिफ पुढच्याला हात देत नाही, तो त्या लिपीचा नियम आहे. नियमानं सुटणं आणि दाखल्याअभावी तुटणं, यातला फरक त्यांना एवढ्यात कळला तरी पुष्कळ.