घटनात्मक कायदा (अमेरिकी विद्यापीठांतील ऐच्छिक विषय)

अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवला जाणारा विषय. ऐच्छिक विषयांची पद्धत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट (कार्यकाल १८६९–१९०९) यांनी रुजवली; त्यांच्याच काळात तेथील विधी महाविद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी निकालपत्रांवरील प्रश्नोत्तरांतून शिकवण्याची रीत आणली. या विषयाच्या अध्यापनातही ती वापरतात. सुरुवात बहुधा न्यायालयीन पुनर्विलोकनाचा पाया घालणाऱ्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’पासून (१८०३) होते. ‘प्लेसी’ (१८९६) आणि ‘ब्राउन’ (१९५४) हे निकाल शेजारी ठेवून वाचणे हा सर्वांत मोलाचा भाग: वांशिक विभक्तीकरण मान्य करणारे सर्वोच्च न्यायालयच, तीच चौदावी घटनादुरुस्ती वाचून, सरकारी शाळांतील विभक्तीकरण घटनाबाह्य ठरवते. म्हणूनच ‘प्लेसी’तील न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे एकाकी विरोधी मत मुळातूनच वाचायला हवे.