भंगारातून आलेले युद्ध

युद्ध संपल्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात ठळकपणे छापलेली असते. तह होतात, सैन्ये परततात, विजयाचे स्तंभ उभे राहतात. न फुटलेल्या तोफगोळ्यास मात्र तहाची वार्ता कळत नाही. तो शेतात, बंदराच्या गाळात किंवा लोखंडाच्या ढिगात पडून राहतो. असा गोळा वेळीच ओळखता यावा म्हणून जे दंडक घातले गेले, त्यांचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. आम्हां दिल्लीकरांशी त्याचा निकटचा संबंध असल्याने त्याची थोडी उजळणी करावी, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गोदीतील स्फोटाची कथा मराठी वाचकांस नवी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ह्या बोटीस आग लागली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्या सोबतीस कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठी होत्या. स्फोटक माल वाहणाऱ्या बोटीने तांबडे निशाण लावावे असा नियम असूनही ते निशाण लावलेले नव्हते. दुपारी चारनंतर सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. नागरिकांची तर शेकड्यांनी प्राणहानी झाली. पुढे २०११ साली, म्हणजे ६७ वर्षांनी, त्या गोदीत एक जिवंत तोफगोळा हाती लागला आणि तो लष्कराच्या स्वाधीन करावा लागला.

ह्या दुर्घटनेतील एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करावयास लावते. माल बंदरात पोहोचला, पण तो कसला आहे हे सांगणारी खूण त्याच्याबरोबर आली नाही. साठ वर्षांनी दिल्लीच्या वेशीवर हाच प्रकार निराळ्या रूपाने घडला. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळच्या साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन दहा कामगार ठार झाले. त्यानंतर शोध सुरू झाला, तेव्हा तुघलकाबादच्या कंटेनर आगारातही भंगारात गोळे आढळले. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या राजधानीत दुसऱ्यांचे युद्ध मालगाडीने येऊन पोहोचले होते.

ते आले कसे? १९८० ते १९८८ चे इराण-इराक युद्ध आणि त्यानंतर १९९१ व २००३ ची युद्धे ह्यांनी पश्चिम आशियात मोडक्या लोखंडाचे डोंगर रचले. आपल्या भट्ट्यांना भंगार हवे होते. विकणाऱ्यापासून वाहून आणणाऱ्यापर्यंत मालाचे वजन नोंदले गेले, भाव ठरला, जकात भरली गेली. सगळ्या कागदांवर माल एकच होता : लोखंड. त्या लोखंडाच्या पोटात काय आहे, हे प्रथम कळले ते ज्याने कोणताच कागद पाहिला नव्हता त्या मजुरास.

येथे यंत्रेही फारशी उपयोगी पडत नाहीत. शेतात पुरलेला बॉम्ब चुंबकीय उपकरणाने सापडतो, कारण भोवती माती असते आणि मध्येच लोखंड. भंगाराच्या ढिगात सर्वत्रच लोखंड. तेथे ते उपकरण आंधळे ठरते. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रास दारू कळत नाही. क्ष-किरणांनी कंटेनरच्या आत पाहता येते खरे, पण दाट लोखंडाच्या गर्दीत गोळ्याचा आकार सहज लपतो. म्हणून माल कंटेनरमध्ये भरण्यापूर्वी, तो उघड्यावर असतानाच जाणत्या माणसाने तपासावा, किंवा यंत्राने त्याचे बारीक तुकडे करूनच पाठवावा, हाच भरवशाचा मार्ग उरतो.

२००४ नंतरच्या आयात-नियमांनी हाच मार्ग धरला. तुकडे न केलेल्या भंगारात शस्त्रे, सुरुंग, गोळे, काडतुसे वा किरणोत्सारी पदार्थ नाहीत, असे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र माल निघण्यापूर्वीच घेणे आवश्यक झाले. जगही ह्याच दिशेने चालले होते. १९९६ साली डेन्मार्कमध्ये भरलेल्या परिषदेतून सुरुंग काढण्याच्या समान दंडकांची कल्पना पुढे आली. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते प्रसिद्ध केले आणि २००१ मध्ये त्यांची सुधारलेली, विस्तृत आवृत्ती काढली. जमीन साफ करणाऱ्याने आपल्याच कामास निर्वाळा देऊन भागत नाही. ती दुसऱ्याने तपासावी लागते, हे त्यांतील एक मुख्य सूत्र होय.

कचेरीत बसून कागद पुढे सरकविणे हा आमचा रोजचा व्यवसाय. म्हणून प्रमाणपत्राची थोरवी आम्ही जाणतो आणि त्याचे दुबळेपणही. बंदरावर पहारा बसला, तरी एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्याच मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकल्या गेलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्टने एकाचा बळी घेतला. तो माल परदेशचा नव्हता. म्हणून त्याला बंदरावरची तपासणी कधी आडवी आलीच नाही.

तेव्हा दंडक केवळ बंदरापुरता असून चालणार नाही. विकणारा, वाहणारा, जकात घेणारा आणि वितळविणारा ह्या सर्वांनी मालाची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात खरेपणाने सोपविली पाहिजे. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने एकच ध्यानात ठेवावे : तो कागद वाचू न शकणारा, परंतु त्याच्याच विश्वासावर भंगाराच्या ढिगात हात घालणारा एक माणूस भट्टीपाशी उभा आहे.