कॅनरी इन अ कोलमाइन (चित्रप्रदर्शन)

'कॅनरी इन अ कोलमाइन' हे चित्रकार व शिल्पकार प्रभाकर पाचपुते यांचे एकल प्रदर्शन २०१२ मध्ये मुंबईतील कुलाबा भागात 'क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह' येथे भरले होते. चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणी, तेथील कामगार आणि खाणीखाली गेलेली शेतजमीन हा त्याचा विषय होता. उजाड, यंत्रग्रस्त व माणूसपण हरवलेल्या जगाचे चित्रण करणाऱ्या, म्हणजे 'डिस्टोपियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलापरंपरेत या कामाची गणना करता येते. मात्र अशा कलाकृती बहुधा भविष्याची भीती दाखवतात. पाचपुते यांनी रेखाटलेला प्रदेश त्यांच्या जन्मगावाच्या शिवारात आधीच अस्तित्वात होता.

पार्श्वभूमी

पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यातील सास्ती या गावी झाला. वर्धा नदीकाठचा हा परिसर वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या बल्लारपूर खाणक्षेत्रात मोडतो. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले, १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात भूमिगत खाणींच्या जोडीला उघड्या खाणींचा विस्तार झाला. भूमिगत खाणीत बोगदे खोदून कोळसा काढतात. वरची जमीन बरीचशी जागेवर राहते. उघड्या खाणीत मात्र सुपीक मातीसह वरचे सर्व थर उकरून बाजूला टाकावे लागतात. गावाशेजारी उभे राहणारे मातीचे कृत्रिम डोंगर हे त्याचेच फलित. शेतकरी कुटुंबाची जमीन जाते आणि त्याच कुटुंबातील माणूस खाणीत नोकरीला लागतो, हे या भागातील अनेक घरांचे वास्तव आहे. पाचपुते यांच्या घराण्याचाही खाणकामाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूर हे देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथ्या स्थानी होते.

पाचपुते यांनी खैरागढ येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतले व २०११ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी मिळवली. प्रदर्शन त्यानंतर एका वर्षाने झाले. क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह ही झाशा कोला व सुमेश शर्मा यांनी २०१० मध्ये सुरू केलेली कलासंस्था होती.

शीर्षक

विषारी वायूचा सुगावा लागावा म्हणून ब्रिटनमधील खाणकामगार पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी सोबत नेत असत. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग वा वास नसतो. परंतु त्याचा परिणाम माणसापेक्षा या लहान पक्ष्यावर लवकर होतो. पक्षी कोसळला की कामगार बाहेर पडत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सुचवलेली ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये मोडीत काढण्याचे ठरले. चित्रकाराचे जन्मवर्षही तेच, हा अर्थात योगायोग.

माध्यम व आशय

पाचपुते यांचे मुख्य माध्यम चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा. खाणीतील दगडी कोळसा आणि लाकूड जाळून केलेला हा कोळसा भिन्न असले, तरी विषय आणि साधन यांतील नाते उघड आहे. ते अनेकदा थेट भिंतीवर मोठ्या आकारात रेखाटन करतात. सोबत शिल्पे व स्थिरचित्रांतून जुळवलेले चलचित्रपटही असतात. भिंतीवरची अशी चित्रे प्रदर्शनानंतर पुसली जातात. त्यामुळे त्यांचा पुरावा छायाचित्रांपुरता उरतो, आणि खोदून नाहीशा झालेल्या गावशिवारांविषयीच्या चित्रांना हे भाग्य विसंगत म्हणता येत नाही.

त्यांच्या रेखाटनांतील माणसांना पुष्कळदा चेहरा नसतो. डोक्याच्या जागी दिवा, अवजार किंवा एखादी वास्तू येते. माणूस, जनावर आणि यंत्र एकमेकांत मिसळतात. हे कामगार दयेचे विषय म्हणून मात्र येत नाहीत. ओझ्याखाली वाकलेली आकृतीही पाय रोवून उभी असते.

पुढील काळ

२०१४ मध्ये पाचपुते यांची कामे साओ पाउलो व कोची-मुझिरिस या द्वैवार्षिक प्रदर्शनांत आणि २०१५ मध्ये इस्तंबूल येथे मांडली गेली. वेल्समधील कार्डिफ येथील 'आर्तेस मुंडी ९' साठी त्यांनी भारतीय व वेल्श खाणकामगारांचा सामाईक वारसा हाताळला. २०२१ मध्ये या स्पर्धेचे पारितोषिक सहाही नामांकित कलावंतांना संयुक्तपणे देण्यात आले. वेल्समधील बहुतेक खोल खाणी तोवर बंद झाल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यात उत्खनन सुरूच होते.