तांदळाचा आरोप आणि लक्ष्मीबाईंचा पाण्याचा पेला

'मिशनऱ्यांनी तांदूळ वाटून माणसं बाटवली' हे वाक्य भंडाऱ्यासारख्या तांदळाच्या जिल्ह्यातही आपलीच पोरं फॉरवर्ड करताना दिसतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. हे वाक्य कुणी तयार केलं? ज्यांनी आपल्याला तांदूळही दिला नाही आणि पाणीही दिलं नाही, त्यांनीच. मित्रांनो, धर्मांतराचा इतिहास आपण त्यांच्या चष्म्यातून वाचायचा काय?

जोतिरावांनी तो तसा वाचला नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार मुलींची शाळा चालवत होत्या. ती शाळा पाहून मुलींना शिकवण्याची कल्पना पक्की झाली, हे जोतिरावांनी स्वतः सांगितलं आहे. फॅरारबाई १८२७ साली भारतात आल्या आणि १८६२ साली अहमदनगरातच वारल्या. पस्तीस वर्षं रोज पाटी, अक्षर, पोरींची हजेरी. त्यांचा धर्म असा दिसत होता. जोतिरावांनी त्यांच्याकडून शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय'ने, म्हणजे मिशनच्याच पत्राने. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावर सनातन्यांनी गदारोळ केला, तेव्हा 'सत्सार'मधून बाजू घेतली ती जोतिरावांनीच.

आता आपल्या रुळांवरची गोष्ट. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. म्हणजे भंडारा रोड, तुमसर, गोंदिया याच मार्गाने. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचन वाचून हा चित्पावन कवी हलला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई मोठ्या वाटतात. सोवळ्याचं वेड लागलेल्या बापाची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षं वेगळी राहिली, परत आली तेव्हाही चूल वेगळी ठेवली. मग विचार करू लागली, की पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात तशा माणसांच्या कुठे दिसतात? आणि एक दिवस तिने कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. लक्षात घ्या, हे तिने १९०० सालच्या आपल्या बाप्तिस्म्याच्या आधी केलं. जात आधी गेली, धर्म नंतर बदलला. टिळक नवरा-बायकोचं घर पुढे अनाथ पोरांनी भरलेलं असे. 'स्मृतिचित्रे' ही केवळ गमतीदार आठवणींची वही म्हणून शिकवणाऱ्या मास्तरांना हा पेलाभर पाण्याचा प्रसंग महत्त्वाचा का वाटत नाही, हे कळायला समाजशास्त्राची एम.ए. लागत नाही.

टिळक स्वतः १९१७ साली मिशनचा पगार सोडून बाहेर पडले. 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. म्हणजे चर्चच्या चौकटीत राहून हवं तसं जगता येत नाही, हे त्यांनाही कळलं होतं.

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका या चौकटीवर आहे. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचं मोल त्यांनी नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की या सेवेचा बराचसा फायदा वरच्या जातींनी उचलला. अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी चर्चमध्येही अस्पृश्यच राहिला. आणि त्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध सुशिक्षित ख्रिस्ती पुढारी बोलले नाहीत. माणूस दयाळू असतो, रोज जखमा धुतो. पण जखम करणाऱ्याचा हात धरत नाही. फॅरारबाईंची पस्तीस वर्षं खरी, आणि बाबासाहेबांचा हा हिशेबही खरा. दोन्ही एकदम मान्य करायला आपल्याला जड का जावं?

हीच फूटपट्टी आता विहाराच्या दारात लावू. बावीस प्रतिज्ञांपैकी सुरुवातीच्या बहुतेक प्रतिज्ञा काय सोडायचं ते सांगतात, त्या आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत. समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करीन, अष्टांग मार्गाने चालेन, प्राणिमात्रांवर दया करीन, या पुढच्या. त्या रोज करायच्या आहेत, म्हणून अवघड. सोयरीक जुळवताना अजून 'बावणे की लाडवण' विचारणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच घरात भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर असते. मांग आणि मेहतर वस्तीत जेवायला बसणारे आपल्यातले किती?

आणि दलित ख्रिश्चनांचं काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ साली सर्व दलित शिखांना दिला, आणि आपल्याला, बौद्धांना, थेट १९९० साली. धर्मांतरानंतर चौतीस वर्षं आपण ओरडत होतो की धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही. तोच युक्तिवाद ख्रिस्ती झालेला महार-मांग आज करतो आहे आणि तो अजून दाराबाहेर आहे. आपला वाटा कमी होईल ही भीती मला समजते, त्यावर कोटा वाढवून मागण्याचा मार्गही आहे. पण मी गेलो त्या सभांच्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा मला अजून दिसलेला नाही. या १४ ऑक्टोबरच्या निवेदनात तो घालायचा का, यावर तालुक्याच्या बैठकीत चर्चा व्हावी, असं पत्र मी दिलं आहे.